यादी लागली, आता पुढे?



दहावीचा निकाल लागला की आमच्या इमारतीत दोन दिवस पेढे फिरतात. मग काही आठवडे सारे शांत असते, आणि एका सकाळी अकरावी प्रवेशाची पहिली यादी लागते. यादी लागते म्हणजे आता कुठल्या फलकावर कागद चिकटत नाही. मोबाइलवर संदेश येतो. त्यात एका महाविद्यालयाचे नाव असते आणि ते तुमच्या पसंतिक्रमात कितवे होते तो आकडा असतो. त्या एका ओळीवरून घराघरांत काय होते ते मी गेली अनेक वर्षे पाहतो आहे. मी घाटकोपरला राहतो आणि उपनगरातल्याच एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे यादीच्या संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजतेच. दारात मुलगा किंवा मुलगी, मागे आई, तिच्यामागे वडील, आणि प्रश्न एकच. "सर, हे मिळालंय. घ्यावं की थांबावं?"

माझे उत्तर बहुतेक वेळा "घे" असे असते. पण तेवढे सांगून चालत नाही, कारण ज्याला चौथ्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आहे त्याला ते ऐकायचे नसते. म्हणून हा लेख.

आधी त्या आकड्याचे बोलू. समजा तुम्हाला ५०० पैकी ४५८ गुण आहेत, म्हणजे ९१.६ टक्के. तुमच्या पहिल्या पसंतीच्या महाविद्यालयाची यादी ९२.२ ला थांबली. तीन गुण कमी पडले. तीन गुण म्हणजे काय? भूगोलातला एक नकाशा, बीजगणितात चुकलेले एक चिन्ह, किंवा तपासनिसाने एखाद्या उत्तराला दिलेला अर्धा गुण कमी-जास्त.

तुम्ही अकरावीत साध्या लंबकाचा प्रयोग कराल. वीस आंदोलनांना लागणारा वेळ स्टॉप-वॉचने मोजायचा असतो. एकच विद्यार्थी, तोच दोरा, तोच गोळा. तरी एकदा ३६.२ सेकंद येतात, एकदा ३६.४, एकदा ३६.१. लंबक बदललेला नसतो. घड्याळाची कळ दाबणाऱ्या बोटाला सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतका उशीर होतच असतो. म्हणून आम्ही तीन वाचने घेतो, सरासरी काढतो आणि उत्तरापुढे अनिश्चितता लिहितो. तुमची दहावी एकदाच झाली. म्हणजे एकच वाचन घेतले, आणि त्यापुढे अनिश्चितता कोणी लिहिली नाही. हीच परीक्षा तुम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा दिली असती तर नेमके ४५८ च मिळाले असते असे कोण छातीठोकपणे म्हणेल? ४५८ आणि ४६१ यांत मोजमापाच्या दृष्टीने फरक आहे असे मी तरी म्हणणार नाही. प्रवेशाला कुठे तरी रेघ मारावीच लागते, कारण जागा मोजक्या असतात. रेघ मारणाऱ्याची ती सोय आहे. तुमच्या बुद्धीची मोजपट्टी म्हणून ती रेघ कोणी मारलेली नाही.

'कटऑफ' या शब्दाचेही तसेच. पालक तो शब्द हॉटेलच्या दर्जासारखा उच्चारतात. कटऑफ म्हणजे शेवटच्या जागेवर ज्याला प्रवेश मिळाला त्याचे गुण, एवढेच. समजा एका महाविद्यालयात विज्ञानाच्या दोन तुकड्या आहेत आणि यादी ९० टक्क्यांना थांबते. पुढच्या वर्षी त्यांना तिसरी तुकडी मिळाली. यादी आता खाली, कदाचित ८८ ला थांबेल. शिक्षक तेच, प्रयोगशाळा तीच, ग्रंथालय तेच. मग दर्जा दोन टक्के घसरला काय? उलट एखादे महाविद्यालय स्टेशनसमोर आहे म्हणून तिथे अर्ज जास्त येतात आणि कटऑफ चढतो. त्यात पदार्थविज्ञान कसे शिकवतात याचा पत्ता कुठेच लागत नाही.

आता वाटप कसे होते ते समजून घ्या, कारण निम्मी धावपळ ते न समजल्यामुळे होते. संगणक सर्वांत जास्त गुणांच्या विद्यार्थ्याचा अर्ज आधी हाती घेतो. त्याची पहिली पसंती पाहतो. जागा आहे, देऊन टाकतो. मग दुसऱ्या विद्यार्थ्याची पहिली पसंती. जागा संपली असेल तर दुसरी, ती संपली असेल तर तिसरी. असे करीत तो तुमच्यापर्यंत येतो. राखीव जागांचे, संस्थांतर्गत, व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक कोट्यांचे हिशेब वेगळे ठेवले जातात. पण मूळ रीत ही. यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, वरच्या क्रमांकावर अवघड महाविद्यालय लिहिल्याने खालच्या पसंतीचे महाविद्यालय हातचे जात नाही. तुमचे गुण तेच राहतात, संगणक फक्त पुढच्या नावाकडे वळतो. दुसरी म्हणजे, तुम्हाला चौथी पसंती मिळाली याचा अर्थ वरच्या तिन्ही ठिकाणच्या जागा तुमच्या प्रवर्गात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून जास्त गुण असलेल्यांनी भरल्या. कुणी तुमची जागा पळवलेली नाही. तेव्हा ओळखीच्या विश्वस्तांकडे खेटे घालण्यात वडिलांची रजा वाया घालवू नका.

या वाटपाच्या गणिताला मोठी परंपरा आहे, हे तुम्हाला बहुधा ठाऊक नसेल. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ साली 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली' या नियतकालिकात एक छोटासा निबंध लिहिला. विषय होता कॉलेजप्रवेश आणि विवाह! विद्यार्थ्यांचे पसंतिक्रम आणि कॉलेजांचे पसंतिक्रम वेगवेगळे असताना अशी वाटणी करता येते का, की जिच्यात एखादा विद्यार्थी आणि एखादे कॉलेज दोघेही मिळालेल्यावर नाराज होऊन परस्पर जुळवून घेणार नाहीत? करता येते, हे त्यांनी सिद्ध केले. आणि त्यासाठी शाळकरी मुलालाही कळेल अशी रीत दिली. पुढे आल्विन रॉथ यांनी ही कल्पना डॉक्टरांच्या नेमणुका व शाळाप्रवेश यांना लावली. २०१२ साली शॅप्ले व रॉथ यांना अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. गेल त्याआधी २००८ मध्ये वारले होते. आपल्या अकरावीचे प्रकरण त्या गणितातले सर्वांत सोपे, कारण इथे सारी महाविद्यालये विद्यार्थ्यांना एकाच मापाने, म्हणजे दहावीच्या गुणांनी, क्रम लावतात.

पण एका फेरीचे गणित सोपे असले तरी आपल्याकडे फेऱ्या अनेक असतात. "घ्यावे की थांबावे" हा पेच तिथे येतो.

त्याचे नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. शेजारच्या ताईच्या वेळचे नियम तुम्हाला लागू असतीलच असे नाही. मुंबई परिसरात ही प्रक्रिया २००९ साली ऑनलाइन झाली, २०२५ साली ती साऱ्या राज्याला लागू झाली. मधल्या काळात काय काय झाले नाही! २००९ चे नव्वद-दहा सूत्र उच्च न्यायालयात टिकले नाही. २०१० चे 'बेस्ट फाइव्ह' उच्च न्यायालयाने रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने राखले. २०२१ साली करोनामुळे दहावीची परीक्षा झाली नाही, तेव्हा अकरावीसाठी वेगळी प्रवेश परीक्षा ठरली. तीही ऑगस्टमध्ये न्यायालयाने रद्द केली. २०२५ च्या नियमांत जास्तीत जास्त दहा पसंती देता येत होत्या. पहिली पसंती मिळाली तर प्रवेश घेणे बंधनकारक होते. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाद होत असे. दुसरी ते दहावी पसंती मिळालेल्याला मात्र दोन वाटा मोकळ्या होत्या: प्रवेश घ्या, किंवा ती जागा सोडून पुढच्या फेरीला थांबा.

'सोडून' या शब्दाखाली रेघ ओढा. थांबणे म्हणजे हातची जागा राखून ठेवणे नव्हे. ती जागा त्याच क्षणी दुसऱ्या कुणाची तरी होते.

इथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या इमारतीतली एक मुलगी यादी घेऊन आली. तिसरी पसंती मिळाली होती. महाविद्यालय घरापासून चालत दहा मिनिटांवर. पहिल्या पसंतीला तीन गुण कमी पडले होते. ती म्हणाली, "सर, मला हे चालेल. मैत्रिणी पण इथेच आहेत." वडिलांच्या मनात थांबायचे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी मोठ्या रुबाबात सांगितले, "थांबा. दुसऱ्या यादीत कटऑफ खाली येतोच." मी भौतिकशास्त्राचा माणूस, आकड्यांवर माझा विश्वास. दुसरी यादी लागली. तिच्या पहिल्या पसंतीचा कटऑफ खाली आला नव्हता. एका गुणाने वर गेला होता! आणि तिने सोडलेल्या महाविद्यालयाचीही यादी तिच्या गुणांच्या वर थांबली होती. तिसऱ्या यादीत तिला जे मिळाले त्यासाठी दोन वर्षे तिने दोन गाड्या बदलल्या. ती भेटली की अजून नीट बोलते. अवघडतो तो मी.

कटऑफ वर कसा गेला, हे मला नंतर शांतपणे बसल्यावर उमगले. तुम्ही लोकलमध्ये पाहिले असेल. खिडकीशी बसलेला माणूस घाटकोपरला उतरला की शेजारचा सरकून खिडकीशी जातो, तिसरा दुसऱ्याच्या जागी येतो, चौथी सीट अडवून बसलेला नीट टेकतो आणि उभ्या असलेल्यांपैकी एकाला चौथी सीट मिळते. माणसे एकीकडे सरकतात आणि रिकामी जागा उलट्या दिशेने प्रवास करते. (अर्धवाहकातले 'होल' असेच चालते, पुढे ते शिकाल तेव्हा ही लोकल आठवा.) कटऑफ खाली यायचा तर वरून कुणी तरी उतरावे लागते. पहिली पसंती मिळालेल्यांना प्रवेश सक्तीचा असेल तर ते उतरत नाहीत, रिकाम्या जागा कमीच सुटतात. त्यात आणखी एक गोष्ट. पहिल्या फेरीत ज्यांनी फक्त दोन-तीनच फार वरची महाविद्यालये लिहिली होती आणि काहीच मिळाले नाही, अशी जास्त गुणांची मुले दुसऱ्या फेरीत आपले पसंतिक्रम बदलून खाली येतात. म्हणजे मधल्याच स्टेशनवर तुमच्या पुढे उभे राहणारे नवे प्रवासी चढले. जागा थोड्या आणि नवे उमेदवार जास्त गुणांचे. मग कटऑफ चढेल नाही तर काय! दरवेळी असे होते असे नाही. पण "खाली येतोच" हे माझे वाक्य अशास्त्रीय होते. कुठल्या महाविद्यालयात किती जागा उरल्या आहेत हे फेरीनंतर जाहीर होते, तो आकडाही मी त्या वेळी पाहिला नव्हता.

मग थांबूच नये का? थांबावे, पण कारण असेल तर. मिळालेले महाविद्यालय रोज जाणे-येणे अशक्य होईल इतके दूर असेल, फी झेपणारी नसेल, किंवा हवा तो विषयच तिथे नसेल, तर थांबणे शहाणपणाचे. "नाव मोठे नाही" एवढ्यासाठी मात्र हातची जागा सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

फीविषयी एक सूचना. एकाच महाविद्यालयात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असू शकतात, आणि त्यांच्या फीमध्ये मोठे अंतर असते. यादीत तुमच्या नावापुढे कोणती तुकडी आहे ते प्रवेश नक्की करण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना दाखवा. नुसते महाविद्यालयाचे नाव वाचून पेढे आणलेले आणि मग फीचा आकडा पाहून गप्प झालेले पालक मी पाहिले आहेत.

आता अंतराचा हिशेब. हा तुम्ही स्वतः करा. मी एक नमुना देतो. समजा तुम्ही मुलुंडला राहता आणि अंधेरीच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला. मुलुंड ते घाटकोपर लोकल, तिथून मेट्रो. ही मेट्रो २०१४ साली सुरू झाली म्हणून बरे, नाही तर पूर्व-पश्चिम प्रवासाला दादरचा वळसा किंवा बस. तरी घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत सव्वा तास धरा. जाऊन येऊन अडीच तास. वर्षाला दोनशे दिवस, दोन वर्षे: एक हजार तास. घराजवळच्या महाविद्यालयाला वीस मिनिटे लागतात असे धरले तर दोन वर्षांत सुमारे २६७ तास. फरक सातशेहून अधिक तासांचा. त्या सातशे तासांत काय होऊ शकते? बारावीचे भौतिकशास्त्र दोनदा नीट वाचून होईल, किंवा तुम्ही कबड्डी खेळाल, किंवा झोपाल. सोळाव्या वर्षी झोपही लागते, हे पालक विसरतात. गर्दीच्या गाडीत उभ्याने गेलेले तास अभ्यासाचे नसतात. कुणी "मी गाडीत वाचतो" म्हणाले तर सकाळी आठची गाडी एकदा माझ्याबरोबर पकडा.

१९३७ साली माटुंग्याला रुईया निघाले तेव्हा उपनगरांतल्या मुलांना फारसा पर्याय नव्हता. मग अंधेरीला १९४६ साली भवन्स, पार्ल्याला १९५९ साली आजचे साठ्ये, घाटकोपरला १९६३ साली झुनझुनवाला, मुलुंडला १९८४ साली वझे-केळकर अशी महाविद्यालये मुलांच्या दाराशी येत गेली. बोरिवली-कांदिवलीकडेही तसेच झाले. आज दाराशी आलेल्या महाविद्यालयाला ओलांडून आपण दोन गाड्या बदलतो, याला काय म्हणावे?

तरी एक कबुली देतो. नामांकित महाविद्यालयाचे फायदे खोटे नाहीत. तिथे वर्गात अवतीभवती अभ्यासू मुले असतात, ग्रंथालय मोठे असते, स्पर्धांचे वारे असते. बऱ्याच ठिकाणी त्याच महाविद्यालयाच्या बारावीच्या मुलांना पुढे पदवीच्या प्रवेशात प्राधान्यही मिळते. ज्याला नक्की बी.एस्सी.च करायचे आहे त्याने हा मुद्दा जरूर ध्यानात घ्यावा. मला स्वतःला १९९० च्या दशकात दोन गुणांनी एक मोठे महाविद्यालय हुकले होते. तेव्हा रांगेत उभे राहून प्रत्येक ठिकाणचा वेगळा अर्ज भरावा लागे. मी घराजवळच्या महाविद्यालयात गेलो. तिथले प्रयोगशाळेतले एक सहायक संध्याकाळी सहापर्यंत प्रयोगशाळा उघडी ठेवत आणि आम्हाला मीटर ब्रिजचा प्रयोग पुन्हा पुन्हा करू देत. माझे बरे झाले. पण हे ऐकून "बघा, सरांचे काही बिघडले नाही" असा निष्कर्ष काढू नका. ज्यांचे बिघडले ते लेख लिहीत नाहीत. एका निरीक्षणावरून नियम काढायचा नसतो, ते निरीक्षण लेखकाच्या आवडीचे असले तरी!

म्हणूनच माझे म्हणणे असे, की नावावर किंवा माझ्या बोलण्यावर विसंबू नका, जाऊन पाहा. यादी लागल्यावर प्रवेश नक्की करायला काही दिवस मिळतात. त्यातला अर्धा दिवस महाविद्यालय पाहण्यात घालवा. कार्यालयात नव्हे, प्रयोगशाळेत जा. दार उघडे आहे का? तराजूवर धूळ किती आहे? प्रात्यक्षिकांच्या गटांचे वेळापत्रक भिंतीवर आहे का? ग्रंथालय किती वाजता बंद होते? आणि बारावीतला एखादा विद्यार्थी गाठून विचारा, "तू शेवटचा प्रयोग कधी केलास?" तो हसला तर उत्तर मिळाले असे समजा.

हा प्रश्न मी मुद्दाम सांगतो आहे. अलीकडे यादी लागण्याच्या सुमारास पालकांना वेगळाच सल्ला मिळतो: नाव अमुक महाविद्यालयात घाला, हजेरीचे आम्ही पाहतो, मुलगा दिवसभर क्लासमध्ये बसेल. याला गोंडस नाव 'इंटिग्रेटेड' असे आहे. अशा व्यवस्थांना आळा घालावा म्हणून शासनाने २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेशही काढला होता. क्लासला माझा विरोध नाही. प्रवेश परीक्षा कठीण आहेत आणि अनेक क्लासमध्ये उत्तम शिकवतात. पण महाविद्यालय कागदावर आणि मूल क्लासमध्ये, हे मला मान्य नाही. भौतिकशास्त्राच्या शंभर गुणांपैकी तीस प्रात्यक्षिकाचे असतात. ही मुले वर्षाअखेरीस आठवडाभर येऊन प्रयोगवही उतरवतात आणि जातात.

परिणाम आमच्यापुढे पदवीच्या पहिल्या वर्षाला येऊन उभा राहतो. एक हुशार मुलगा होता. विद्युतमंडलाची गणिते तोंडी सोडवी. पहिल्याच प्रात्यक्षिकात त्याने ॲमीटर सरळ बॅटरीच्या दोन टोकांना जोडला. काटा थाडकन टोकाला गेला आणि उपकरण गेले. ॲमीटर एकसरीत जोडतात आणि त्याचा रोध अगदी कमी असतो हे त्याला पाठ होते. त्या डब्याला ॲमीटर म्हणतात हे मात्र त्याने कधी पाहिले नव्हते. उपकरणाचे फारसे नाही वाटले. तो मुलगा त्यानंतर प्रयोगाच्या टेबलापासून दोन हात लांब उभा राहू लागला, त्याचे वाटले. अकरावीत चुकला असता तर हसण्यावारी गेले असते. एकोणिसाव्या वर्षी लाज वाटते.

यादीच्या दिवशी सर्वांत मोठी भीती असते ती पुढची. "या कॉलेजातून पुढे मला कोण घेणार?" मग पुढची दारे पाहा. राज्याची एमएचटी-सीईटी, जेईई, नीट, आयसर संस्थांची प्रवेश परीक्षा. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातल्या मूलभूत विज्ञान केंद्रात जाण्यासाठीची नेस्ट. यांपैकी कुठेही तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या नावाला गुण नाहीत. भौतिकशास्त्र ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली परीक्षा कुठल्याही महाविद्यालयाच्या अकरावी-बारावीच्या मुलाला देता येते. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद, वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र ही ठिकाणे लोकलच्या तिकिटावर गाठता येतात आणि तिथे तुमचा कटऑफ कोणी विचारत नाही. आणि ज्यांना यादीत विज्ञान मिळाले आहे पण ते फक्त "गुण चांगले आहेत म्हणून" भरले होते, त्यांनी प्रवेश नक्की होण्यापूर्वी घरी स्पष्ट बोलावे. तंत्रनिकेतनाची पदविका आहे, आयटीआय आहे, वाणिज्य आणि कला आहेत. दोन वर्षांनी बोलण्यापेक्षा आज बोललेले बरे.

शिक्षक मित्रांनाही एक विनंती. निकालाच्या दिवशी शाळेत गर्दी असते, फोटो निघतात. यादीच्या दिवशी शाळेला कुलूप असते. त्या दिवशी दहावीचे दोन शिक्षक संगणकासह शाळेत बसले, तर ज्यांच्या घरी माहितीपुस्तिका वाचणारे कोणी नाही अशा मुलांचे पुढचे वर्ष वाचेल. किती तरी मुले पोर्टलवर 'प्रवेश घ्यायचा आहे' असे नोंदवतात आणि महाविद्यालयात जाऊन तो पक्का करायचा राहून जातो. मुदत संध्याकाळी संपते, आणि रात्री आमची बेल वाजते. तेव्हा कोणालाच काही करता येत नाही.

प्रवेश झाला, पावती हाती आली. वर्ग सुरू व्हायला मात्र बरेच दिवस लागतात. कधी कधी ऑगस्ट उजाडतो. या मोकळ्या दिवसांत पुढचे पुस्तक पाठ करण्यापेक्षा एक काम करा. शिंप्याकडचा जाड दोरा आणि हार्डवेअरच्या दुकानातला एक जड नट घ्या. दरवाजाच्या चौकटीला लंबक टांगा. टांगलेल्या ठिकाणापासून नटाच्या मध्यापर्यंतची लांबी २५, ५०, ७५ आणि १०० सेंटिमीटर ठेवून प्रत्येक वेळी वीस आंदोलनांचा वेळ तीनदा मोजा. हेलकावा लहानच द्या. वेळेला वीसने भागले की एका आंदोलनाचा काळ मिळेल. त्याचा वर्ग करा, आणि ३९.५ गुणिले लांबी भागिले तो वर्ग, असा हिशेब मांडा. शंभर सेंटिमीटरला वीस आंदोलनांना चाळीस सेकंदांच्या किंचित वर वेळ लागायला हवा, आणि उत्तर ९७९ च्या आसपास, सेंटिमीटर दर सेकंद दर सेकंद, यायला हवे. हे मुंबईचे गुरुत्वत्वरण. उत्तर ९६० किंवा ९९५ आले तर ठीक आहे, बोटाचा उशीर आणि पट्टीची चूक त्यात आहे. पण १०८५ च्या जवळपास आले तर तुम्ही घड्याळ सुरू करतानाच 'एक' म्हटले असणार आणि एकोणीसच आंदोलने मोजली असणार. तिथे 'शून्य' म्हणायचे असते.